समुद्र दिसणारी खोली

३ नोव्हेंबर, सकाळी ७
आजपासून रोज लिहायचं. कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नाडेट सांगायच्या, मनात गोंधळ झाला की आधी वहीला समास आखावा. आखला. गोंधळ तसा काही नाही.

मुलाचा, निहारचा, काल पुण्याहून फोन. बोलणं पक्कं झालं. ३१ डिसेंबरपर्यंत माझ्या होमस्टेच्या वेबसाइटवरून एका तरी अनोळखी माणसाने खोली बुक केली, तर मी हरमललाच राहणार आणि तो पुन्हा विषय काढणार नाही. नाही केली, तर १ जानेवारीला त्याच्या गाडीत बसायचं. घरासाठी भाडेकरूही त्याने बघून ठेवलेत, मोपाच्या विमानतळावर नोकरी करणारं जोडपं. सभ्य आहेत म्हणे. मग माझे गुडघे, एकटेपणा आणि मागचा जिना ही यादी त्याने पुन्हा वाचून दाखवली. "अनोळखी"वर जोर दिला. मागच्या सीझनची तिन्ही बुकिंग माझ्या भावंडांची होती, हे त्याला कळलंय.

एक माणूस. आठ आठवडे. मला हसूच आलं.

साइट सिद्धीने करून दिली. माझ्या बहिणीची मुलगी, डिचोलीत हेच काम करते. मजकूर मात्र माझा. सातवीत लिहिलेला इंग्रजी निबंध, "समुद्राकाठचं माझं घर". पहिलं बक्षीस. सिस्टरनी वर्गात उभं राहून वाचला होता. पहिलं वाक्य अजून अंगावर काटा आणतं: पहाटे समुद्र आमच्या पायरीपर्यंत येतो आणि आत बोलावण्याची वाट बघत उभा राहतो.

तेव्हा आमचं घर डिचोलीत होतं आणि खिडकीतून खाणीचे ट्रक दिसायचे. पण लेखकाने सगळं डोळ्यांनी पाहिलंच पाहिजे असं नाही. वर्गात बाकावर शेजारी फिलू बसायची, हरमलची, बोर्डिंगात राहणारी. तिने स्वल्पविराम तेवढे सुधारले होते.

लग्न करून मीही हरमललाच आले. समुद्र घरातून दिसत नाही. पण आहे. चालत पंधरा मिनिटं.

५ नोव्हेंबर
भरपूर काम केलं. सिद्धीने एकच पान केलं होतं. मी बारा केली. हरमल, मांद्रे, मोरजी, केरी अशी चार गावं. प्रत्येक गावाचं एक पान, शिवाय प्रत्येकी दोन्ही खोल्यांची वेगळी. सगळीकडे निबंध तोच, फक्त गावाचं नाव बदललं. कॉन्व्हेंटमध्ये चांगलं लिखाण फेअर वहीत पुन्हा सुवाच्य उतरवून काढायला लावायचे. तीच शिस्त. माणूस मोरजी शोधो की केरी, त्याला मीच सापडणार.

वाईट वाक्य शंभर वेळा लिहायला लावायचे, ती शिक्षा होती. तो प्रकार वेगळा.

८ नोव्हेंबर
गूगलवर निबंधाचं पहिलं वाक्य घालून पाहिलं. सापडलं. वर रंजनाचं होमस्टे.

रंजना समोरची. वाटेच्या पलीकडे तिचं घर. मी खाली गेले. आणखी खाली. पानाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की यासारखेच आणखी काही निकाल आहेत, ते दाखवलेले नाहीत. तिथे बोट लावलं. मग मी आले. सगळ्यात शेवटी.

चूक माझी नाही. ऑक्टोबरमध्ये रंजना विरजण मागायला वाटी घेऊन आली. जाताना म्हणाली, वयनी, तुमचा ता लिवलला माका जरा दिया, माझ्या साइटीर घालूक. तिचं इंग्रजी "वेलकम" या शब्दाशी थांबतं. मी विरजण दिलं आणि निबंधही दिला. वर, बुकिंग झालं की पाहुण्याला आपोआप जातं ते आभाराचं पत्रसुद्धा लिहून दिलं. विरजण दिल्याने आपलं दही काही कमी होत नाही. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, रीतीप्रमाणे रिकामी नाही, आत काकडीचं सांदण होतं.

छान होतं सांदण.

९ नोव्हेंबर
सिद्धीला फोन. तिने समजावलं: "मावशे, एकूच मजकूर दोन कडेन दिसलो की गूगल एकट्याक दाखयता, दुसऱ्याक लिपयता." रंजनाच्या साइटवर फोटो आहेत, नकाशा आहे, राहून गेलेल्यांचे अभिप्राय आहेत. म्हणून दाखवायला तिची निवड, लपवायला माझी.

मी म्हटलं, मूळ माझं आहे. बक्षिसाचं सर्टिफिकेट अजून कपाटात आहे, फोटो काढून गूगलला पाठवू का? तिने तिकडे माझी साइट उघडली. मग म्हणाली की तुझी बारा पानंही एकमेकांसारखीच आहेत, म्हणजे तू स्वतःच स्वतःला लपवते आहेस. अकरा काढ. आणि नवीन लिही. घरापुढच्या बाल्कांवात बसून समोर जे दिसतं ते.

बघू, म्हटलं. बक्षीस मिळालेला मजकूर टाकून द्यायचा म्हणजे काय?

निश्चय: रंजनाला भेटून तिच्या साइटवरून निबंध काढायला लावणे. गोड शब्दांत. पण ठाम.

११ नोव्हेंबर
गेले. हातात पोदेराच्या बेकरीतले गरम उंडे पाव नेले, विषय काढायला बरे. तिने बसवलं, कालवांचं सुकं वाढलं. सांगत होती की सहा बुकिंग झालीत. "वयनी, तुमच्या हाताक यश आसा. लिवप तुमचा, पावणे आमचे." मग गच्चीवर घेऊन गेली. दोन माडांच्या मधून समुद्राची पट्टी दिसते. हाताच्या बोटाएवढी, पण दिसते.

निबंध तिथे काही खोटा वाटला नाही.

दिलेलं विरजण परत कसं मागणार? नाही बोलले. येताना तिने सुक्याचा डबा दिला. आता तो रिकामा परत करता येणार नाही.

१३ नोव्हेंबर
डबा परत केला, आत चण्याच्या डाळीचं गोड मणगणं घालून. तिने साइटसाठी नाश्त्यावर दोन ओळी मागितल्या. देऊन आले.

१५ नोव्हेंबर, दुपार
मार्ग सापडला. वाक्यं तीच ठेवायची, शब्द बदलायचे. जुनी डिक्शनरी काढली, शाळेचा शिक्का असलेली. शब्दाला शब्द शोधला. समुद्राच्या जागी "खारं पाणी". पहाटेच्या जागी "अंधार सरता सरता". पायरीच्या जागी "उंबरा". भाव तोच. गूगलला दोन्ही लिखाणं वेगळी वाटतील आणि वाचणाऱ्याला काही कळणार नाही.

२० नोव्हेंबर
फोन आला! दिल्लीचा माणूस, संपूर्ण अनोळखी. त्याने साइट वाचली होती. त्याने विचारलं, मॅडम, अंधारात घराच्या उंबऱ्यापर्यंत खारं पाणी येतं असं लिहिलंय, सामान उंचावर ठेवायची सोय आहे का? लहान मूल आहे बरोबर.

मी खुलासा केला की ही प्रतिमा आहे. त्याने फोन ठेवला.

निहारला कळवलं की मागणी सुरू झाली आहे. तो म्हणाला, बुक केलं का? मी म्हटलं, चौकशी गंभीर होती.

समुद्र परत घातला.

२४ नोव्हेंबर
सिद्धीचं ऐकायचं ठरवलं. अकरा पानं अशीच पुसू नकोस म्हणाली. जुन्या पत्त्यावर कोणी आलं तर ते आपोआप मुख्य पानावर जाईल अशी सोय कर. कुठल्या चौकटीत काय भरायचं तेही सांगितलं. मी सकाळी बसून भरलं. मोरजीचं पान हरमलकडे पाठवलं, मांद्र्याचं मोरजीकडे, केरीचं मांद्र्याकडे. मग वाटलं, हरमलला आलेल्या माणसाला केरीही कळावी. म्हणून हरमलचं केरीकडे.

दुपारपासून साइट उघडत नाही. स्क्रीनवर येतं की हे पान स्वतःभोवती फिरतं आहे.

सिद्धीने ऑफिसातून दुरुस्त केलं. दोन मिनिटांत झालं. तेच जास्त लागलं.

३० नोव्हेंबर
पाच आठवडे राहिले. नाही, साडेचार.

आज खरंच बाल्कांवात बसले. तिथल्या दगडी सोप्यावर उशी, मांडीवर वही. समोर दिसतं ते लिहायचं. लिहिलं: आमच्या घरासमोर रंजनाची पाण्याची टाकी आहे. टाकी निळी आहे. तिच्यावर एक कावळा बसतो.

खोडलं.

आत जाऊन खोल्या पाहिल्या. मागच्या खोलीत यांची आरामखुर्ची. खिडकीतून फणस. मार्च-एप्रिलमध्ये खालच्या अंगाच्या भट्टीतून काजूच्या रसाचा वास येतो आणि पडदे दोन महिने तो वास सोडत नाहीत. मला आवडतो. यांनाही आवडायचा. पण परक्या माणसाला हे काय सांगायचं? कोण यासाठी विमानाने येईल?

फिलूचं घर खरं लिहिण्यासारखं होतं. अगदी वाळूला लागून. भरतीला पायरी भिजायची. सुट्टीत एकदा नेलं होतं तिने. त्यानंतर ती दहावी झाली आणि आई-वडिलांबरोबर गेली. आधी लिस्बन, मग इंग्लंड. त्या जागी आता गाड्या लावतात.

निबंधच ठेवायचा.

४ डिसेंबर
सिद्धीने शेवटचा उपाय सांगितला. पानाच्या आत, बाहेरून न दिसणारी एक ओळ घालायची. त्या ओळीत मूळ मजकुराच्या पानाचा पत्ता द्यायचा. म्हणजे गूगलला कळतं की अस्सल कुठलं आणि नक्कल कुठली. तिने ओळ लिहून पाठवली, पत्त्याची जागा रिकामी ठेवून. मूळ पान उघड, वरचा पत्ता उचल आणि इथे घाल, म्हणाली.

हे मला फार आवडलं. पहिल्यांदाच कोणी अस्सल कोण ते विचारलं.

मुद्दाम नीट केलं. गूगलवर निबंधाचं पहिलं वाक्य घातलं, जे पान आलं त्याचा पत्ता उचलला, ओळीत बसवला. दोनदा तपासलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. सिस्टर असत्या तर वहीत तारा चिकटवला असता.

आता फक्त थांबायचं.

१० डिसेंबर
थांबते आहे.

१२ डिसेंबर
गूगलवर माझ्या घराचं नाव टाकलं. आधी निदान शेवटी तरी यायचे. आता नाहीच. स्वतःचं नाव घातलं. पेडण्याच्या एका बालवाडीची विनोदिनी बाई आली. मी नाही.

निहारने विचारलं की पुस्तकं सगळी न्यायची का, पुण्याला कपाट एकच आहे. मी म्हटलं, अजून एकोणीस दिवस आहेत.

१४ डिसेंबर, रविवार
सिद्धी डिचोलीहून स्कूटरवर आली. चहाही न घेता कॉम्प्युटर उघडला. बराच वेळ पाहत राहिली. मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मावशे, तुवें हांगा रंजनाच्या पानाचो पत्तो घातलाय."

मी म्हटलं, गूगलने तोच दाखवला. तू मूळ पान उघड म्हणालीस, मी वाक्य घातलं आणि वर आलेलं उघडलं.

"म्हणजे तुवें स्वता सही करून दिल्लें, मूळ रंजना, हांव नक्कल."

तिने ओळ बदलली. गूगलला पुन्हा फिरकायला किती दिवस लागतील, सांगता येत नाही म्हणाली. आठवडा, महिना. मग पुन्हा तेच: नवीन लिही. मी तिला ३० तारखेचं खोडलेलं पान दाखवलं. तिने वाचलं. कावळा चांगला आहे म्हणाली. सगळ्या गोव्यात कुठल्याच साइटवर नसेल.

मुलांना दयेने बोलता येतं, हे आपण म्हातारे झाल्यावर कळतं.

१८ डिसेंबर
मन खाली आहे. निश्चयांची यादी काढली. नोव्हेंबरपासूनचे सात. एकही पूर्ण नाही. रोज लिहायचं, हाही त्यातलाच.

दुपारी एक गैर गोष्ट केली. सिद्धीच्या ऑफिसात प्रज्योत नावाचा मुलगा आहे, मी त्याला कधी पाहिलेलं नाही, म्हणजे अनोळखीच. त्याला जानेवारीची खोली बुक करायला सांगितली. केली बिचाऱ्याने. मी निहारला आनंदाने कळवलं. त्याने त्या मुलाला फोन लावून विचारलं, साइट कशी सापडली? तो म्हणाला, सिद्धीच्या मावशीन सांगलें.

निहार रागावला नाही. हळू आवाजात "आई" म्हणाला.

कॉन्व्हेंटमध्ये असते तर आज हे फादरना सांगून मोकळी झाले असते. मी हिंदू, मला कन्फेशनच्या रांगेत उभं राहू द्यायचे नाहीत. फिलू माझ्या वतीने सांगून यायची.

२४ डिसेंबर
खालच्या वाड्यावर नाताळची नक्षत्रं लागलीत, कागदी चांदण्यांचे कंदील. गूळ-नारळाच्या दोदोलचा वास. फिलूची आई माझ्यासाठी वेगळा तुकडा गुंडाळून द्यायची.

गूगल फिरकलेलं नाही. दिवसातून नऊ वेळा बघते. सिद्धी सांगते, सारखं बघून काही होत नाही. माहीत आहे. दूध तापायला ठेवल्यावरही मी बघतच उभी राहते.

भाडेकरू येऊन गेले. खरंच सभ्य आहेत. तिने विचारलं, आरामखुर्ची ठेवणार का? ठेवीन म्हटलं. जिन्याचा एक कठडा हलतो, तो त्याने जाता जाता बसवून दिला. इतकी वर्षं मी कोणालातरी सांगणार होते.

२७ डिसेंबर
बारापैकी उरलेलं एक पान पुन्हा वाचलं. निबंध चांगला आहे. त्यात दोष नाही. एवढं चांगलं लिहून माणूस सापडत नाही, म्हणजे काय म्हणायचं? समजा कोणी शोधत असेल, तर त्याने कसं शोधायचं?

२९ डिसेंबर, सकाळी ११
रंजना मोबाइल घेऊन धावत आली. इंग्रजी मेल आलाय, लांबलचक, बुकिंग आहे की तक्रार ते कळत नाही. वयनी, वाचून सांगा.

मी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागले. तिसऱ्या ओळीला थांबले आणि पुढचं मनात वाचलं. रंजनाने पाणी आणलं.

मेल असा होता. इंग्रजीतला, मी इथे मराठीत उतरवते, फेअर:

"मी इंग्लंडात स्विंडनला राहते. माझं हरमलचं घर आता नाही, असं भावाने सांगितलं. नाताळात एकटी होते, म्हणून लहानपणी लिहिलेलं एक वाक्य सहज शोधून पाहिलं. ते तुमच्या साइटवर निघालं, शब्द न् शब्द. ते वाक्य माझं आहे, पण मी रागावलेली नाही, कारण ते मी दिलेलं होतं. माझ्या शेजारी विनू बसायची. तिच्या खिडकीतून ट्रक दिसायचे आणि घरावर निबंध लिहायला सांगितला की ती रडायची. म्हणून मी तिला माझा समुद्र दिला. तो तुमच्याकडे कसा आला, मला माहीत नाही. मला पाच ते आठ जानेवारी खोली हवी आहे. आणि एक विचारायचं होतं. विनू तुमच्या ओळखीची आहे का?"

रंजनाने विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं, बुकिंग आहे. तीन रात्री. लिखाण आवडलं म्हणते.

एवढंच सांगितलं.

२९ डिसेंबर, दुपारी ३
रडायची नाही मी. डोळे पाणावायचे फक्त.

पण दोन बोटांनी तिने माझी वही आपल्याकडे ओढली होती, ते आठवतं. तिची शाई जांभळी होती. स्वल्पविराम सुधारले, असं मी इतकी वर्षं सांगत आले. स्वल्पविराम तेवढे माझे होते. सगळे चुकलेले.

३० डिसेंबर
रंजनाच्या वतीने उत्तर लिहायला बसले. तीन वेळा लिहिलं. शेवटी एवढंच: खोली ठेवली आहे. विनू ओळखीची आहे. समोरच राहते.

मग आठवलं, पाच तारखेला समोर मी नसणार. "राहते" खोडून "राहायची" केलं. ते बघवेना. पुन्हा "राहते" केलं आणि पाठवलं.

निहारला फोन करून विचारलं, चालेल का. अनोळखी बाई, इंग्लंडहून, माझ्याच मजकुरावरून. तो म्हणाला, आई, तिने रंजनाकाकीकडे बुक केलंय. शिवाय तिने तुलाच शोधलंय, मग ती अनोळखी कशी?

मी बॅगा काढल्या.

३१ डिसेंबर, सकाळी ९
सामान बांधून झालं. दोन बॅगा, एक पिशवी, बाटलीत विरजण. उद्या सकाळी निहार येतो आणि दुपारी किल्ल्या त्या जोडप्याला द्यायच्या. चार तारखेच्या रात्रीच्या बसने मी परत येणार, असं सांगितल्यावर तो म्हणाला, मग आताच कशाला निघतेस? मग त्याच्या लक्षात आलं की घर दिलेलं आहे. आवाज बदलला. बस नको, मी आणून सोडतो म्हणाला.

तर राहायचं कुठे, हा प्रश्न. रंजनाला सांगितलं तर ती माजघरात गादी घालेल आणि वर रोज मासे रांधेल. नको. मी सुशिक्षित बाई आहे, रीतसर करेन.

तिची साइट उघडली. मजकूर पुन्हा सगळा वाचला, पहिल्यापासून नाश्त्यापर्यंत. चांगला आहे. कोणालाही यावंसं वाटेल. फिलूच्या शेजारची खोली मोकळी होती. पाच ते आठ. नाव: विनोदिनी. येणार कुठून: पुणे. आमच्याबद्दल कसं कळलं? गूगलवरून, असं लिहिलं.

बटण दाबलं. त्याच क्षणी आभाराचं पत्र आलं, ऑक्टोबरमध्ये मी लिहून दिलेलं:

"आपण येणार म्हणून आमच्या घराला आनंद झाला आहे. समुद्र दिसणारी खोली आपल्यासाठी राखून ठेवली आहे."